वजन बघून

दगडूआबा माणसाला नजरेनंच जोखायचे, पण फक्त वजनापुरतं. वेळवंडी नदीच्या धक्क्यावर होडीत पाय ठेवणाऱ्याला ते क्षणभर निरखत आणि वल्ह्याच्या टोकानं जागा दाखवत. शाळेचे गुरुजी पुढं, दुधाच्या किटल्या मधे, जाडजूड सरपंच किटल्यांना खेटून. कुणी कुरकुरलं की म्हणत, "हितं मान न्हाई बघत, वजन बघतो." आमच्या बौद्धवाडीतल्या बायका गावात कुठंही गेल्या तरी मागं बसत. आबांच्या होडीत त्या पुष्कळदा सगळ्यांच्या पुढं असत, कारण त्या हडकुळ्या होत्या.

होडी जाणाईदेवीची, सांभाळ आबांचा. धरणाचं पाणी चढल्यापासून देवी जत्रेला तिच्यातूनच पलीकडं जायची. जत्रा जवळ आली की आबा होडीला डांबर लावत, कडेला हळदीचे पट्टे ओढत. "देवीला एक दिस, मान्सांला बाकीचे. तिची बी तक्रार न्हाई," असं म्हणत.

एका जत्रेत इथल्या एका ट्रस्टचे अध्यक्ष पालखीशेजारी, होडीच्या अगदी टोकाला जाऊन बसले. धक्क्यावर फोटोवाला तयार होता. आबा म्हणाले, "सायेब, मधी या. नाक पान्यात जाईल हिचं." धक्क्यावरचे लोक हसले. अध्यक्ष ढोलवाल्यांच्या मधे बसले आणि पलीकडं पोचताच पालखीच्याही आधी उतरून चालू लागले.

दोन वर्षांनी त्याच ट्रस्टनं धक्क्याला लागून उत्सवी होड्यांचं संग्रहालय बांधलं. कापूरहोळच्या फाट्यावर त्याची भली मोठी पाटी लागली. ठिकठिकाणच्या देवांच्या होड्या आल्या आणि मग आमची मागितली गेली. आबा नाहीच म्हणाले. तेव्हा ट्रस्टकडून कराराचा कागद आला. आबांना वाचता येत नव्हतं. "पोरी, तू वाच. तू म्हनशील तर अंगठा देतो." वडिलांनी आणलेली पत्रकं वाचत मी मोठी झालेली, छापील ओळीवर माझा फार विश्वास. कागदात स्वच्छ लिहिलं होतं, दर जत्रेला होडी गावाला द्यायची. मी म्हणाले, द्या आबा.

रोजच्या येण्याजाण्याला ट्रस्टनं इंजिनाची होडी दिली. तिच्या चालकाला कोण कुठं बसतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. महिन्याभरात आमच्या वाडीतल्या बायका मागच्या फळीवर गेल्या, इंजिनाच्या धुरात.

जत्रेच्या सकाळी आबा वल्हं खांद्यावर टाकून संग्रहालयात आले. मीही बरोबर होते. होडीला चकचकीत व्हार्निश फासलं होतं. समोर पाटी होती. आबांनी ती वाचायला सांगितली. "या नौकेत केवळ देवी व मानकरी बसत."

"मग तुझी आज्जी कशात बसायची गं?" आबा म्हणाले आणि दोरी ओलांडून वाकले. होडीच्या तळातून चार जाड बोल्ट आरपार नेऊन ती लोखंडी चौकटीवर आवळली होती.

मी व्यवस्थापकापुढं कागद धरला. तो चहा पीत होता. "मग न्या की. होडी द्यायची असं लिहिलंय, आपण देतोय. तरंगती द्यायची असं कुठं लिहिलंय, ताई?" दोघं कर्मचारी हसले. मला किळस आली. त्या हसण्याची, त्या व्हार्निशच्या वासाची, आणि माझ्या हातातल्या त्या स्वच्छ छापलेल्या कागदाची. आबांनी एक बोल्ट चाचपला, भोवतालच्या चिरलेल्या लाकडावरून बोट फिरवलं.

आबा पुढच्या जत्रेपर्यंत जगले नाहीत. त्या दिवसानंतर ते धक्क्यावरही आले नाहीत. बायकांना पुढं बसवायला आता मी रोज त्या चालकाशी भांडते. कधी जमतं, कधी नाही.

त्या सकाळी आम्ही संग्रहालयातून निघणार एवढ्यात अध्यक्ष पाहुणे घेऊन आत आले. होडीला हार घालून शिडीवरून आत चढले आणि फोटोसाठी थेट टोकाला जाऊन बसले. आबांना बघून जरा चपापले, मधे सरकायला अर्धवट उठलेही.

आबांनी वल्ह्याच्या टोकानं त्यांना तीच जागा दाखवली.

"बसा सायेब, तितंच बसा. आता ही बुडायची न्हाई."