तेरावी चौकट

मी दाराला लिंबू-मिरची कधी बांधली नाही. उलट अमावस्येला मुद्दाम सौदे केलेत, कारण समोरचा घाबरलेला असतो, भाव लवकर खाली येतो. हे आधीच सांगून ठेवतो... नाहीतर लगेच म्हणाल, तुमचा विश्वास आहे म्हणून तुम्हाला दिसलं.

कोपरीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टपरीपासून सुरुवात केली. आता डोंबिवलीत एमआयडीसीजवळ ऑफिस आहे. धंदा थोडा समजावतो. हल्ली मेडिकलवाले मोबाइलवर एआय असिस्टंटला विचारतात – माल आहे का, कधी येईल, नीट ठेवलाय ना? असिस्टंटला स्वतःला यातलं काही माहीत नसतं. तो मागच्या छोट्या सर्व्हरना विचारतो. एक साठा सांगतो, एक गाडी बुक करतो, एक कोल्ड रूमचं तापमान सांगतो. यांना टूल सर्व्हर म्हणतात. ते जिवंत आहेत का, हे बघत राहणं आमचं काम. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर बारा सर्व्हरच्या बारा चौकटी. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे पळा.

हा धंदा मी आणि विलासने मिळून सुरू केला. टपरीपासूनचा दोस्त. आमचं भांडण एकाच गोष्टीवर. माझी तपासणी सरळ – सर्व्हरला विचारायचं "आहेस का?", तो म्हणाला "आहे", की हिरवी. विलास म्हणायचा, "पक्या, नुसती हजेरी घेऊ नकोस. गणित घाल. झोपलेला पोरगापण हजर म्हणतो." त्याने स्वतःची तपासणी लिहिली होती. खरा आकडा थोडाफार हलतोच; उत्तर पुन्हा पुन्हा अगदी तेच आलं, की लाल. ती आमच्या पहिल्या मशीनवर चालायची. मशीनचं नाव आम्ही 'कोपरी' ठेवलेलं.

मग ऐन दसऱ्याच्या तोंडावर तो मला सोडून गेला. वर बाजारात सांगत फिरला, पक्या नुसती हजेरी घेतो. हे मी विसरलेलो नाही. वाटणीच्या वेळी मी कोपरीसाठी अडून बसलो, तोही अडून बसला. शेवटी भावाभावांत शेताचे तुकडे पडावेत तशी मशीनची वाटणी झाली. डबा त्याला, आतली डिस्क मला. डिस्क एका पाकिटात घालून, वर चिकटपट्टी लावून, पट्टीवर दोघांच्या सह्या. पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये. डिस्कचा पासवर्ड विलासच्या डोक्यात. म्हणजे दोघांनाही निरुपयोगी.

त्या दुपारी म्हात्रेताई ऑफिसला आल्या होत्या. शीळफाट्याला त्यांचं औषधांचं गोदाम आहे, कोल्ड रूममध्ये इन्सुलिन, लसी. आमच्याकडे त्या विलास गेल्यानंतर आलेल्या. कराराचं नूतनीकरण होतं आणि बाई माझ्याहून पक्क्या.

"दादा, काय करता तुम्ही? टीव्ही बघता. टीव्ही तर माझी सासूपण बघते."

"ताई, सासूबाईंना द्या मग काम. बिल मी त्यांच्या नावाने काढतो."

त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "ही लाल कसली?"

मी वळून बघितलं. बारा हिरव्या चौकटींच्या खाली एक तेरावी. लाल. वर नाव – कोपरी. खाली ओळ – 'कोल्ड रूम, शीळ. उत्तर तेच. उत्तर तेच.'

माझं डोकंच फिरलं. हा विलासचाच उद्योग – सौद्याच्या वेळी बरोबर काडी घातली. आमची स्नेहा कीबोर्डसमोर बसलेली, ती म्हणाली, "सर, ही मी नाही लावली. सिस्टिममध्ये बाराच दिसतायत." मी विलासला तिथल्या तिथे फोन लावला आणि सगळ्यांसमोर नको ते बोललो.

तो खडवलीला घरी होता. शांतपणे ऐकून घेतलं. "झालं? आता बघ," म्हणाला आणि व्हिडिओ चालू केला. लोखंडी कपाट, वर कोपरीचा डबा, डब्यावर वहिनींचा पापडाचा डबा. वायर नाही, काही नाही. "डिस्क तूच ठेवलीस ना भांडून? मग ही कशावर चालेल, पापडावर?"

मग त्यानेच विचारलं, "लाल का आहे?"

"शीळची कोल्ड रूम. उत्तर तेच, उत्तर तेच म्हणतंय."

"पक्या, भांडण नंतर. खोलीत माणूस पाठव. हातात थर्मामीटर देऊन."

म्हात्रेताई आधीच गोदामात फोन लावत होत्या. थोड्या वेळाने तिकडून माणूस बोलला – एक फेज गेलेली, कॉम्प्रेसर बंद, सेन्सरपण बंद. सर्व्हर मात्र चालू, शेवटचा आकडा धरून तोच सांगत बसलेला. माझ्या चौकटीत हिरवा. असिस्टंट मेडिकलवाल्यांना सांगत होता, माल एकदम व्यवस्थित. खोली नुकतीच तापायला लागलेली. माल बाजूच्या खोलीत हलवला, वाचला. अजून थोडा उशीर झाला असता तर ते बिघडलेलं इन्सुलिन कुणाच्या तरी पोटात टोचलं गेलं असतं.

फोन ठेवून आम्ही वर बघितलं. चौकटी बाराच.

स्नेहाने सगळ्या नोंदी उपसल्या. बाहेरून कुणी शिरलेलं नाही. मी म्हटलं, टीव्हीवर जुनं पान अडकलं असेल. पण जुन्या पानावर शीळची खोली कशी येईल? कोपरी बंद पडली तेव्हा ती खोली आमच्याकडे नव्हतीच. ड्रॉवर उघडला. पाकीट तसंच, पट्टी तशीच, सह्या तशाच.

म्हात्रेताई जाताना म्हणाल्या, "दर तुमचाच. पण ती लाल चौकट मला करारात पाहिजे." आयुष्यात हजार गोष्टी विकल्या, पण माझ्याकडे नसलेली वस्तू पहिल्यांदाच विकली.

विलास दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला. टेबलावर डबा, शेजारी पाकीट. स्क्रू-ड्रायव्हर मधे. बराच वेळ दोघंही चहा पीत बसलो. मग तो म्हणाला, "तपासणी नव्याने लिहू या." लिहिली. ती आता चालते. डबा परत कपाटावर गेला, पाकीट ड्रॉवरमध्ये. दसऱ्याचं मी त्याला माफ केलेलं नाही, हे त्यालाही सांगितलंय.

पण तेव्हापासून चैन नाही. समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि माझी नजर भिंतीवर. कोपरीची ती चौकट नसली की बरं वाटतं. मग थोड्या वेळाने वाटतं – ती नाही म्हणजे सगळं ठीक आहे... की आता बघणारं कुणी नाही?