मुंडक्यांचं गोदाम

आमच्या पेंटरचं दुकान एका पतसंस्थेच्या इमारतीत तळमजल्यावर होतं. नव्वदच्या दशकात तो भिंतींवर आणि पत्र्यांवर ब्रशनं अक्षरं काढायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून सुटलो की त्याच्याकडे चहाला जायचो आणि चहाच्या बदल्यात त्याचं शुद्धलेखन तपासायचो. दोन हजार सालानंतर फ्लेक्स आला. ब्रश डब्यात गेले, दुकानात छपाईचं यंत्र आलं आणि कोल्हापूरच्या चौकाचौकांत वाढदिवस सुरू झाले. त्याआधी माणसं जन्मत नव्हती असं नाही, पण ते इतकं कळत नसे.

फ्लेक्सच्या धंद्यातला मुख्य माल म्हणजे मुंडकी. वर तीन थोर पुरुष, मध्ये ज्यांचा वाढदिवस ते, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. प्रत्येक मुंडकं फोटोतून नीट कातरून घ्यायचं. खांद्यापर्यंत घ्यायचं की गळ्यापर्यंत, हे त्या माणसाच्या पदावरून ठरायचं. एकदा कातरलेलं मुंडकं वर्षभर लागत राही, म्हणून ती सगळी सीडींवर ठेवलेली असत. सीडीला ओरखडा पडला की अख्खी तालुका कमिटी जायची. पेंटरच्या मेहुण्यानं जयसिंगपुरात शाखा काढल्यावर तर सीडी एसटीच्या कंडक्टरबरोबर येऊ लागल्या, आणि कंडक्टर त्यांच्यावर डबा ठेवायचा.

कॉलेजनं मोडीत काढलेला एक संगणक मी तेव्हा आणून पेंटरच्या टेबलाखाली ठेवला. इंटरनेट नुकतंच जरा वेगात यायला लागलं होतं. परदेशातल्या कंपन्या इंटरनेटवरून संगणकातलं सामान ठेवायची गोदामं भाड्यानं देतात, असं मी वाचलं होतं. त्याच कल्पनेचा एक घरगुती अवतार मी उभा केला. प्रोग्रॅम लहानच होता, संगणक म्हातारा असल्यामुळे तो लहान असणं भागही होतं. त्याला एक वस्तू आणि एक खूण द्यायची. तीच खूण सांगितली की तो तीच वस्तू परत देणार. आत कप्पे नाहीत, फायलींची उतरंड नाही.

"जोतिबाला आपण चपला ठेवतो तसं समज," मी पेंटरला म्हणालो. "बिल्ला दिला की चप्पल मिळते. ती कुणाची, कुठल्या गल्लीतली, हे चपला सांभाळणारा विचारत नाही."

"आणि बिल्ला हरवला तर?"

"तर अनवाणी यायचं."

प्रत्येक मुंडक्याला अनुक्रमांक द्यावा असं माझं मत होतं. ग्रंथालयात जन्म गेला, तिथे प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक आणि तो दुसऱ्या कुणाचा नाही. पेंटरला ते पटलं नाही. "सर, माणसाला तोंड असतंय. नंबर कोण ध्यानात ठेवणार?" मी फार ताणलं नाही. तेवढं ताणलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

मोठ्या माणसाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. साहेब, अण्णा, सरपंच, चेअरमन. दुकानातही तसंच बोलत आणि संगणकावरही खूण म्हणून तेच लिहीत. आमच्या पतसंस्थेचे चेअरमन म्हणजे नुसतं 'चेअरमन'. दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं आणि दुकानाचा भाडेपट्टा त्यांच्या सहीनं चालायचा. त्या वर्षी पट्ट्याची मुदत संपत आली होती. वरच्या मजल्यावरच्या एका संचालकाला तिथे भाच्याचं मोबाईलचं दुकान काढायचं होतं. पट्टा वाढला नाही तर पेंटरला यंत्रासकट गावाबाहेर जावं लागणार होतं, आणि गावाबाहेर कुणाचा वाढदिवस नसतो.

अशात चेअरमनांची एकसष्टी आली. पंचवीस बोर्ड. फोटो त्यांनी स्वतः आणला, वीस वर्षांपूर्वीचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. स्कॅनरपाशी उभं राहून तो परत ताब्यात घेतला. मंगळवारी त्यांनी पडद्यावर नमुना पाहून मान डोलावली. बुधवारी जयसिंगपुरात मेहुण्यानं तिथल्या एका दूध संस्थेच्या प्रमुखांचं मुंडकं कातरलं आणि आमच्या गोदामात 'चेअरमन' याच खुणेनं ठेवलं. माझ्या प्रोग्रॅमनं जुनं फेकून नवं ठेवलं. काही विचारलं नाही, कारण विचारायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. गुरुवारी छपाईच्या यंत्रानं गोदामाकडे चेअरमन मागितले आणि गोदामानं दिले.

शुक्रवारी सकाळी पहिला बोर्ड चौकात चढला. शेजारचा पानपट्टीवाला खालून बघत म्हणाला, "पेंटर, चेअरमनचं तोंड कवा बदललं?"

नाव आमच्या चेअरमनांचं, आणि वर हसत होते ते जयसिंगपूरकर. जिल्ह्याच्या संघाच्या निवडणुकीपासून दोघांचं बोलणं बंद होतं.

बोर्ड उतरवले. एकसष्टी दुसऱ्या दिवशी होती. पेंटरनं मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, मला काय म्हाईत तुमच्याकडं बी चेअरमन हाय?"

"जिल्ह्यात चेअरमन नसलेलं एक गाव दाव मला," पेंटर म्हणाला आणि फोन ठेवला.

स्कॅन गोदामात ठेवून पुसलेलं आणि जुनी सीडी ओरखड्यानं गेलेली, म्हणून गेल्या वर्षीच्या बोर्डावरून फोटो काढावा असं मी सुचवलं.

"त्यो माझ्या गोठ्यावर घातलाय, सर. पर चेअरमन आतल्या अंगाला आल्यात. म्हशीनं पार घासून काढलंय."

मग उरला एकच मार्ग, चेअरमनांकडे जाणं. छपाईचं यंत्र बिघडलंय असं सांगून फोटो पुन्हा मागावा, असं मला वाटत होतं. पेंटर म्हणाला, पानपट्टीवाल्याला कळलंय म्हणजे चेअरमनना कळायला दुपार लागणार न्हाई. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. पेंटरनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

चेअरमनांनी आधी एकच गोष्ट विचारली.

"केस काळं हुतं का त्याचं?"

"व्हय, साहेब."

"रंगवतोय." एवढं बोलून त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मग कपाट उघडून त्यांनी तो फोटो काढला. "पुरात आमची ट्रंक बुडाली. लगनातलं सगळं फोटू एकमेकाला चिकटून पाटी झाली. बायकूचा तरुणपणातला एक बी ऱ्हायला न्हाई. तवापासनं कायबी असलं की तीन करतो. एक हितं, एक संस्थेच्या तिजोरीत, एक कुरुंदवाडला बहिणीकडं, माडीवर." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या मशीनीत किती हुतं?"

"एक," मी म्हणालो.

"आणि मशीन किती?"

"एकच."

पुस्तक भिजवून आणणाऱ्या विद्यार्थ्याकडे मी बघतो, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. या माणसाच्या बोर्डांवर मी इतकी वर्षं हसलो होतो, आणि वस्तू जपायचं शास्त्र माझ्यापेक्षा त्यालाच जास्त येत होतं.

पट्ट्याचं विचारायचा धीर पेंटरला झाला नाही. बोर्ड वेळेवर लागले. पुढच्या महिन्यात सभेत संचालकानं भाच्याचा विषय काढला. चेअरमनांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, चुकलं ते स्वतः येऊन सांगणारा भाडेकरू मला ह्या इमारतीत पहिल्यांदाच भेटलाय. पट्टा आणखी पाच वर्षांसाठी वाढला. अट एकच, पण ती तोंडी होती: दुसरी मशीन पाहिजे, आणि ती दुसऱ्या गावात.

मी प्रोग्रॅम सुधारला. आता प्रत्येक मुंडक्याला क्रमांक होता, आणि ठेवलेल्या वस्तूवर दुसरी ठेवायला गेलं की तो सरळ नाही म्हणायचा. जयसिंगपूरला दुसरा म्हातारा संगणक बसवला. इथे ठेवलेलं आपोआप तिथेही जाई.

महिन्याभरानं चेअरमन जिना उतरून दुकानात आले. टेबलाखाली वाकून त्यांनी विचारलं, "हीच का ती?" मी हो म्हणालो. "बंद करा." मी बंद केली. "आता माझा फोटू दावा."

हे मला कधी सुचलं नव्हतं. ग्रंथालयातही आम्ही राखीव प्रती आहेत असं मानून चालत होतो, काढून कुणी पाहिल्या नव्हत्या. छपाईच्या संगणकावरून मी जयसिंगपूरकडे फोटो मागितला. काही येईना. पुन्हा मागितला. पेंटरनं फोन लावला.

"दाजी, मशीनीची वायर काढून तिथं चहाची किटली लावलीया. पाच मिनिटात काढतो की."

चेअरमन खुर्चीत बसले. पाच मिनिटं झाली, किटली निघाली, तिथला संगणक सुरू झाला आणि पडद्यावर वीस वर्षांपूर्वीचे काळ्या केसांचे चेअरमन आले. त्यांनी स्वतःला नीट न्याहाळून घेतलं आणि पेंटरला म्हणाले, "मेव्हण्याला किटलीसाठी येगळं बटन बसवून दे. पुढच्या म्हयन्यात परत येतो."

आणि ते खरोखरच दर महिन्याला येत राहिले.