सासूच्या कार्डावरची वर्षं

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला विड्या वळायला येत होत्या. चौथीनंतर आईने शाळा सोडवून मांडीवर विड्या वळायचं सूप दिलं होतं. सासरी तिसऱ्या दिवशी सासूने पानं कापायला बसवलं. त्यांना मी आत्या म्हणायचे. कारखान्यात त्यांच्या नावाचं कार्ड होतं. मी वळलेल्या विड्या त्याच कार्डावर जायच्या. आमच्या गल्लीत असंच होतं. घरात कार्ड एक, वळणाऱ्या बायका दोन-तीन. त्यात कुणाला काही वाटत नसे.

एकदा आत्यांना ताप होता म्हणून विड्या द्यायला मी गेले. कारखान्यातल्या तपासणाऱ्याने विड्यांचा कट्टा हातात फिरवला.

"हा हात म्हातारीचा न्हाय. तू वळतीस व्हय?"

मी मान हलवली.

"मग स्वतःचं कार्ड काढ की. या महिन्यात नवीन नावं घेतोय. म्हातारपणी फंड मिळंल, पेन्शन मिळंल."

मागून एक बाई म्हणाली, "तिला काय इचारता? तोंड हाय का तिला? सासूला इचारा!"

रांगेतल्या सगळ्या हसल्या. मीही पदर तोंडाला लावून हसले.

आत्यांना सांगायचं असं वाटेत दहा वेळा ठरवलं. घरी पोचले तर त्यांनी विचारलं, "आज छाट किती काढली गं?" मी म्हणाले, "पन्नास." वाईट म्हणून टाकलेल्या विड्यांचा आकडा तेवढा सांगितला आणि चूल पेटवली. कार्डाचं राहिलं ते राहिलंच.

वय झाल्यावर आत्यांचं कारखान्यातलं काम संपलं, तेव्हा मला कार्ड मिळालं. तोवर अठरा वर्षं गेली होती. त्यांच्या फंडातून घरावर स्लॅब टाकला. आत्या वाईट नव्हत्या. पेन्शन आणली की म्हणायच्या, "ह्यात निम्मं तुझंच हाय गं." मी म्हणायचे, "असू द्या की." कदाचित मी विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या. हे मनात आलं की हातातलं काम सुटतं. त्या गेल्या आणि ती पेन्शनही थांबली.

मागच्या वर्षी मला अठ्ठावन्न पूर्ण झाली. ऑफिसातला माणूस कागद बघून म्हणाला, "मावशी, तुमची वीस वर्षं भरतात." सासरी येऊन मी अडतीस वर्षं विड्या वळल्या होत्या. पण कागदात वीसच होती. "हो," म्हणाले आणि अंगठा न लावता सही केली.

परवा मुलगा मोबाईलवर काहीतरी ऐकत होता. म्हणाला, "आई, आरामात म्हातारपण काढायला एक कोटी लागतात म्हणं. तुझ्याकडं किती हाय?" सून हसली, मीही हसले. कोटी मला कळत नाही. गॅसची टाकी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नातीच्या हातावर कधी दहा रुपये, एवढं कुणाला न मागता झालं की मला पुष्कळ होतं. ती अठरा वर्षं धरली असती तर तेवढं झालं असतं.

आता पेन्शन टाकीत जाते. उरलं त्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या येतात. बाकीच्या पंधरांचं मुलाला सांगितलं तर तो आणेल, तो नाही म्हणणारा नाही. पण अजून माझ्याने सांगवत नाही. गोळी मी एक दिवसाआड घेते.