मुक्यांच्या घरचा पापड

विठ्ठलवाडीच्या चाळीतून मी निघाले त्या सकाळी आईने मनसोक्त रडायचं ठरवलं होतं. पण टेम्पोवाल्याने इतकी घाई केली की तिचं रडणं राहूनच गेलं. एक लोखंडी पेटी, एक हार्मोनियम आणि आमच्या चर्चच्या मंडळीने दिलेली मोठाली पातेली, एवढं सामान. शेजारच्या मोहिनी आंटी दारात उभ्या होत्या. "जंगल में मंगल करने जा रही है हमारी टीचर!" असं म्हणत त्यांनी सिंधी पापडांचं भलंमोठं पुडकं माझ्या हातात कोंबलं. आई एवढंच म्हणाली, "पोहोचलीस की कळव. आणि दार नीट लावून घेत जा."

तुम्ही म्हणाल, बाई अशी गेली तरी कुठे? दुबईला नाही, कॅनडाला नाही. बदलापूरहून बारवी धरणाच्या पलीकडे, आधी जीपने आणि मग पायवाटेने. चाळीतल्या ज्या मुली परदेशी गेल्या त्यांच्यासाठी घरातले फोन समोर धरून बसतात. मी पडले जवळची. मी घर सोडलं असं कुणी धरलंच नाही, आणि जवळच तर आहे म्हणून भेटायलाही कुणी फारसं आलं नाही. मीही तेच केलं म्हणा.

आमच्या मंडळीचे निवृत्त पाळक, ज्यांना आम्ही थोरले दादा म्हणत असू, त्यांच्या डोक्यातून हे घर निघालं. शहरात पिचलेल्या माणसांनी इथे यावं, दोन-तीन दिवस मौन पाळावं, प्रार्थना करावी आणि परत जावं. दादांसोबत आम्ही पाच-सहा जण गेलो. मी उल्हासनगरातल्या शाळेची नोकरी सोडून गेले. दादांचा एक हट्ट होता, दाराला कडी नको. ज्याला यायचं त्याला कधीही येता आलं पाहिजे. हे मी आईला कधी सांगितलं नाही. जवळच्या पाड्यावरची जनीबाई स्वयंपाकाला यायची. सगळे गप्प बसून जेवतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला, आणि त्या दिवसापासून पाड्यावर आमचं नाव पडलं, मुक्यांचं घर.

पहिले पाहुणे आले त्या दिवशी दूध नासलं होतं. चहा कशाचा करणार? मला मोहिनी आंटींचं पुडकं आठवलं. उल्हासनगरात कुठल्याही सिंधी घरी गेलात तर आधी पाणी आणि पापड पुढे येतो, बाकीचं मागाहून. मी निखाऱ्यावर पापड भाजले आणि पाण्यासोबत दिले. ते खाऊन झाले, दादांनी घंटा वाजवली आणि मौन सुरू झालं. दादांना हे इतकं आवडलं की पुढे तोच आमचा नियम झाला. आधी पापड, मग घंटा, मग मौन. घंटेआधीचा घरातला शेवटचा आवाज पापडाचा. मोठमोठे साहेबसुद्धा तो कुडुमकुडुम मोडताना लाजायचे.

पण पापड फक्त पाहुण्यांना. एकदा आमच्यातली रिबेका भर उन्हाची बाजार करून आली आणि पापड मागू लागली. जनीबाई म्हणाली, "तू काय पाव्हनी हायस? पाणी पी आन् भांडी घास." आम्ही पोट धरून हसलो. मौनाचे दिवस नव्हते म्हणून बरं.

मग एकेक जण गेला. एका कुटुंबाने मुलांच्या शाळेसाठी चिखलोलीला फ्लॅट घेतला. एकाचं लग्न ठरलं. थोरले दादा प्रभूकडे गेले आणि घर माझ्यावर आलं. मी काही पुढारी नव्हे, मागे उरले म्हणून पुढारी झाले. शेवटी राहिली रिबेका. तिला परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं काम मिळालं. निघायच्या सकाळी तिने चुलीवर स्वतःसाठी एक पापड भाजून घेतला. माझ्याकडे न बघता खाल्ला. तिला जवळ घ्यायचं माझं राहून गेलं.

रिबेका, तूही हे वाचशील म्हणून सांगते. तू गेल्यावर घर फार मोठं झालं. महिन्यातून एखाद्या शनिवारी पाहुणे येतात. बाकी दिवस मी, कोंबड्या आणि सकाळी तासभर जनीबाई. पूर्वी आपण मौन पाळायचो. आता बोलायलाच कुणी नाही, त्याला मौन म्हणत नाहीत. स्तोत्राची एक ओळ मी म्हणायची आणि पुढची सगळ्यांनी, अशी आपली पद्धत ना? हल्ली दोन्ही ओळी मीच म्हणते. मध्ये थोडं थांबते, सवयीने.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी निरोप पाठवला, "एकटीने किती दिवस काढणार? कुलूप लाव आणि परत ये. कुणी बोल लावणार नाही." कडीच नाही तिथे कुलूप कशाला लावायचं, असं मनात आलं; पण मोह झाला, खोटं कशाला बोलू. नाताळ आटोपल्यावर मी सगळे कपडे मोठ्या बॅगेत भरले. जनीबाईला "बदलापूरला जाऊन येते" म्हटलं. परत येणार नाही, हे तिच्या तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

चाळीतली खोली विकून भावाने आता बदलापुरातच, कात्रपला फ्लॅट घेतला आहे. आई तिथेच असते. वाटेत मी एकच वाक्य घोकत होते, "आई, मी कायमची आले." मला बघून आईचा चेहरा असा फुलला की डोळे भरून आले. तिने मला सोफ्यावर बसवलं आणि लगबगीने आत गेली. बाहेर आली ती ट्रे घेऊन. ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास आणि भाजलेला पापड. मोहिनी आंटींची सवय ती कात्रपलाही घेऊन आली होती.

"खा, मग चहा टाकते," ती म्हणाली. "किती दिवस आहेस?"

पापड हातात, आणि ते वाक्य काही केल्या बाहेर येईना. "दोन दिवस," मी म्हणाले.

"दोन दिवसांना एवढी बॅग?"

"गोधड्या आहेत. तुमच्या मशीनमध्ये धुवायला आणल्यात."

आईने बॅग उघडली नाही. उघडली असती तर काय झालं असतं, असं अजून मनात येतं. दोष कुणाचाच नव्हता. भाचीने मला तिचा पलंग दिला. वहिनीने चहात साखर किती घालू, असं प्रेमाने विचारलं. आणि मला लाजिरवाणं एकटं वाटत राहिलं, जंगलात कधी वाटलं नव्हतं तितकं.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. आई जिन्यापर्यंत आली. "पोहोचलीस की कळव," म्हणाली.

पायवाट चढून पोहोचले तर जनीबाई पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली, बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपाकडे वळली. "आलीस का बाय? हंडा रिकामा हाय. पाणी आन."

मी बॅग तशीच दारात टाकली आणि पाणी आणायला गेले. विहिरीवर कुणी बघत नव्हतं तेव्हा थोडं रडून घेतलं.

इथे रेंज फक्त मागच्या टेकाडावर मिळते. ऊन उतरल्यावर वर जाऊन आईला फोन लावला.

"आई, घरी पोहोचले."

'घरी' हा शब्द मी या जागेसाठी तिच्याजवळ आजवर वापरला नव्हता.

"बरं झालं," ती म्हणाली. "दार नीट लावून घे."

"घेते," मी म्हणाले, आणि खाली आमच्या उघड्या दाराकडे बघत तशीच उभी राहिले.