मंदाकिनीबाईंची उडी

रविवारी जेवण झाल्यावर जयवंत दिवाणावर आडवा होतो आणि फोनवरचा तो व्हिडिओ लावतो. आई जाऊन महिना उलटला. तो अजून रडलेला नाही. भेटायला आलेल्यांना त्यानं चहा विचारला. दहाव्याला कावळा शिवला तेव्हा मामा मागे हुंदके देत होते आणि हा भटजींना पुढचं काय ते विचारत होता.

व्हिडिओत आई आहे. मंदाकिनीबाई, मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, की विमानातून उडी मारायची. कुणाचं ऐकलं नाही. पाठीला प्रशिक्षक बांधून घेतला आणि गेल्या हिवाळ्यात मारलीसुद्धा. जयवंत खाली माळावर मान वर करून उभा होता. व्हिडिओत उडीच्या आधी तिचे ओठ हलतात, पण वाऱ्यात शब्द ऐकू येत नाहीत. काय म्हणालीस, हे विचारायचं राहिलं. नंतर दुखणंच निघालं.

फोन हातातून छातीवर घसरतो. आत त्याची बायको मेघना भांडी आवरतेय, तो आवाज लांब लांब जातो. पंख्याची घरघर मात्र वाढत जाते.

ती विमानाची आहे. विमान लहान आहे, आत खुर्च्या नाहीत. समोर आई मांडी घालून बसली आहे. अंगात व्हिडिओतला तो निळा पोशाख, आणि खाली साडीच्या निऱ्या कशाबशा कोंबलेल्या.

"तू वर कसा? तू तर खाली थांबणार होतास."

"माहीत नाही."

"जेवलास?"

"हो."

"काय केलं होतं मेघनानं?"

"भरीत."

आई मान हलवते. ती गेलेली आहे हे त्याला ठाऊक आहे. त्याचं काही वाटत नाही. बदली होऊन गेलेलं माणूस ऑफिसात पुन्हा दिसावं, तेवढंच.

आता तिच्या कानांवर हेडफोन आहे. विमानाच्या भिंतीला भोकंच भोकं आहेत आणि ती एकातली वायर काढून दुसऱ्यात खोचतेय. जयवंत तिच्या स्टुलाखाली बसला आहे. लहानपणी शाळेला सुट्टी असली की एक्स्चेंजमध्ये बसायचा तसाच.

"सांगली लागलंय, बोला," ती कुणाला तरी सांगते. मग खाली वाकून, "तुला काय हवंय रे?"

"दार उघडल्यावर तू काय म्हणालीस? तुझे ओठ हलत होते."

"ते होय. पाठीला बांधलेल्या त्या मुलाला म्हणाले, जरा थांब, आमचा जयू कुठं उभा आहे ते बघू दे."

"दिसलो?"

"कुठला. सगळा माळ पोळपाटाएवढा. आणि तो थांबला नाही."

"भीती वाटली?"

"उडी मारेपर्यंत. नंतर सवड कुणाला होती."

ती उठते आणि दाराशी जाते. हे घराचंच दार आहे, कडी-कोयंड्याचं. ती कडी काढते. बाहेर जिना नाही, आकाश आहे. जयवंतनं तिच्या खांद्यावरचा पट्टा धरला आहे. कधी धरला, त्याला कळलेलं नाही.

"तुझ्या पाठीला कुणी बांधलेलं नाही."

"आता कशाला कोण?"

"आणि खाली कुणी उभं नाही. मी इथं आहे."

"असू दे. पट्टा सोड, जयू."

तिच्या आवाजात घाई नाही. लग्नघरातून निघताना पदर धरलेल्या पोराला सांगावं, तसं ती सांगते. त्याची बोटं एकेक करून सुटतात. तो ती दुसऱ्या कुणाची असावीत तशी बघत राहतो.

आई पडत नाही. फक्त लहान होत जाते. खाली माळावर पांढऱ्या शर्टातला कुणीतरी मान वर करून उभा आहे. शर्ट आपलाच आहे हे जयवंतला ओळखू येतं, आणि त्याला बरं वाटतं.

मग विमान नाक खाली करतं. कान दुखू लागतात.

"आवंढा गिळ," हेडफोनमधून आई म्हणते. "कान मोकळे होतील."

मेघना चहाचा कप घेऊन उभी आहे. ती काहीतरी बोलतेय, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतोय. जयवंत उठून बसतो.

"काय म्हणालीस?"

"अहो, ओरडताय कशाला? किती हाका मारल्या."

"कानाला दडे बसलेत."

"दुपारी झोपून? सर्दी आहे का?"

"नाही. घाटातून, विमानातून उतरल्यावर बसतात, तसे."

मेघना आत जाते. डब्यातली बडीशेप आणून त्याच्या हातावर ठेवते. तो चावत राहतो, जांभई देऊन बघतो, एकदा आवंढा गिळतो. उजवा कान टक् करून उघडतो, आणि खालच्या रस्त्यावरचा भंगारवाला, शेजाऱ्यांचा टीव्ही, मेघनाच्या बांगड्या, सगळं एकदम आत येतं.

डावा उघडत नाही. त्यात अजून घरघर आहे, बारीक आणि सलग. घशाशी काहीतरी दाटून येतं. तो कप खाली ठेवतो. पुन्हा आवंढा गिळत नाही.