बांगडी फिरते का?

"या बांगड्या कधीपासून रुतल्यात हो?" डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी डोकं दुखतं म्हणून गेले होते, बांगड्या दाखवायला नव्हे!

त्यांनी रक्तदाब मोजला. पायावर बोट दाबून बघितलं, तर खळगा तसाच राहिला. "प्री-एक्लाम्प्सिया आहे. आत्ताच्या आत्ता दाखल व्हा." म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते आणि वेळीच आवरलं नाही तर झटके येतात. आई आणि बाळ, दोघांच्याही जिवावर बेततं.

आणि घरी काय कौतुक चाललं होतं! ओटीभरणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या आठव्या महिन्यात मनगटावर फिरेनात, तर सासूबाई अख्ख्या वाडीला सांगत सुटल्या, "बघा, माझ्या हातचं खाऊन सुनेनं कसं अंग धरलंन!" मीही खुशाल फुगत होते.

रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात आयसीयू म्हणजे दोन खाटा, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि खिडक्यांना काळे पडदे. उजेडानं, आवाजानं झटका येऊ शकतो म्हणून सगळं गुपचूप. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच की!

सलाइन लावायचं म्हणून सिस्टर बांगड्या फोडायला निघाली, तर सासूबाई आडव्या आल्या. आमचे हे बोटीवर खलाशी, तेव्हा दर्यावरच होते. "माझा पोरगा दर्यावर आणि सुनेचे हात उघडे? मुळीच नाही!" साबण लावला, खोबरेल चोळलं. बांगडी तसूभर हलेना.

तेवढ्यात मला झटका आला. पुढचं मला ठाऊक नाही, सिस्टरनं सांगितलं ते लिहिते. झटका ओसरला तशी सासूबाईंनी पानाच्या चंचीतला अडकित्ता काढला, मनगटाखाली पदर सारला आणि स्वतःच्या हातानं एकेक बांगडी फोडली. "त्याला पोहता येतं," म्हणाल्या. "आधी हिला वाचवा!"

मग मॅग्नेशियम सल्फेट दिलं, म्हणजे झटके थांबवणारं इंजेक्शन, आणि सिझेरियन केलं. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही मनगटांवर हळदीचे दोरे होते, सैलसर बांधलेले. "मुलगी झाली गो," सासूबाई कानाशी पुटपुटल्या. एरवी या बाईची हाक बंदरापर्यंत जायची! मला रडू फुटलं.

हे पुढे सुटीवर आले, चांगले गुटगुटीत. "मला काय धाड भरलीय? रोज सुरमई खात होतो," म्हणाले.

बायांनो, हातपाय सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर कौतुक करत बसू नका. रक्तदाब मोजून घ्या. त्या डॉक्टरीणबाई, ती सिस्टर आणि तो अडकित्ता, तिघांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सासूबाई अजून वाडीत ओटी भरायला जातात. आधी पोरीचा हात हातात घेतात. लोकांना वाटतं, म्हातारी किती मायाळू! त्या बांगडी फिरवून बघत असतात. फिरली नाही, तर हातातला नारळ खाली ठेवतात आणि विचारतात, "रत्नागिरीची एसटी किती वाजता आहे गो?"