दर रविवारी धुळ्याहून येणारे भाऊ

एका दारुड्यामुळे माझं घर वाचलं.

आज सकाळी धुळ्याला त्यांचं निधन झालं. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. पूर्ण नाव लिहीत नाही. दारू सोडलेल्यांच्या त्यांच्या मीटिंगचा तसा नियमच होता.

माझ्या मिस्टरांना विचारून ही पोस्ट लिहितेय. ते म्हणाले, "लिही. माझं पण लिही, काही लपवू नको."

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहायचो. मिस्टर गॅरेजमध्ये मेकॅनिक. हातात कला होती, पण सकाळी तेच हात थरथरायचे. घोटभर घेतल्याशिवाय पाना धरता यायचा नाही.

नवस झाले. गळ्यात माळ घालून झाली. मुलीला घेऊन मी माहेरी जाऊन बसले, तेही झालं.

मग आमचे डॉक्टर म्हणाले, "धुळ्याला दारू सोडलेली माणसं रविवारी दुपारी एका शाळेत जमतात. यांना घेऊन जा."

मिस्टर म्हणाले, "तुला एवढं वाटतं तर तूच जा."

मी गेले.

धुळ्याला उतरले तर शाळेचं नावच नीट आठवेना. पानटपरीवर विचारलं, "दादा, इथे दारूवाले कुठे बसतात?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समोरच्या देशी दारूच्या दुकानाकडे बोट केलं.

म्हटलं, "हे पिणारे झाले. मला सोडलेले पाहिजेत."

"असे पण असतात का?" तो खरंच चकित झाला होता.

शाळा शाळा विचारत फिरले. शेवटी एका वॉचमननं वर्ग दाखवला.

लहान मुलांच्या बाकांवर चार-पाच मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. मला पाहून सगळे उठून उभे राहिले. पार गोंधळले होते. बाई कोणी येतच नसावी तिथे.

त्यातल्या एकानं माठातलं पाणी आणून दिलं. तेच भाऊ. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आणि बोलणं पक्कं अहिराणी.

"बसा ताई. मालक कोठे शेतस?" मिस्टर कुठे आहेत, असं विचारत होते.

"घरी. पिऊन झोपलेत. ते येत नाहीत, म्हणून मी आले."

कोणी हसलं नाही. भाऊ एवढंच म्हणाले, "पत्ता सांगा. मी येस."

पुढच्या रविवारी सकाळी ते खरंच आमच्या दारात. मला वाटलं, आता उपदेश करतील आणि घरात भांडण पेटेल. पण भाऊंनी चहा मागितला आणि स्वतःचंच सांगत बसले. दारूपायी आईच्या मातीला कसे पोहोचले नाहीत, ते सांगितलं.

मिस्टर वैतागले. "हे मला कशाला सांगताय?"

"मी तुमनं नही सांगत भाऊ. मी मनं सांगी र्‍हायनू."

म्हणजे, तुमचं नाही, मी माझंच सांगतोय. मिस्टरांनी कप खाली ठेवून विचारलं, "मग सुटली कशी?"

दुपारच्या मीटिंगसाठी दोघं लगेच बसनं धुळ्याला गेले.

सोपं नव्हतं. डॉक्टरांचं औषध चालू होतं, मीटिंग चालू होती, घरात हसणं-बोलणं सुरू झालं होतं. आणि पुतण्याच्या हळदीत पुन्हा ग्लास हातात आला. शुद्धीवर आल्यावर मिस्टर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. "आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी भाऊंना निरोप पाठवला. ते आले आणि खाटेजवळ खाली जमिनीवर बसले.

"पडनात? मी बी पडनू व्हतू. आज पेवानी नही, बस. सकायनं सकाय दखसूत."

म्हणजे, आज प्यायची नाही. उद्याचं उद्या पाहू.

त्या दिवसानंतर मिस्टर प्यायले नाहीत.

पुढे मिस्टरांनी जळगावातच रविवारी सकाळी मीटिंग सुरू केली. एका शाळेनं वर्ग दिला. पण येतं कोण? जो तो लाजायचा. मग भाऊ दर रविवारी धुळ्याहून यायला लागले. कितीतरी रविवार त्या वर्गात दोघंच बसलेले असत, मिस्टर आणि भाऊ.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, कोणी येत नाही, तुम्ही कशाला एवढी दगदग करता?"

"ताई, एकट्यानी मीटिंग व्हत नही."

एका रविवारी यावलचा एक माणूस दारात येऊन घुटमळला. भाऊंनी सरकून त्याला बाकावर जागा दिली. त्या दिवशी मिस्टर घरी येऊन लहान मुलासारखे रडले. "आज तिघं होतो गं!"

नंतर वर्ग पुरेना.

आज भाऊंच्या दारात तीच माणसं उभी होती. यावलची, दोंडाईच्याची, जळगावची. नातेवाईक एकमेकांना विचारत होते, एवढी माणसं कोण?

मी आत वहिनींजवळ, भाऊंच्या बायकोजवळ बसले. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "रविवारी ते कधी घरी नसत अक्का. पोरं चिडायची, मी पण चिडायचे. आज बाहेर एवढी माणसं पाहिली आणि पोरांचा राग उतरला."

आमच्या घराला मिळालेले ते सगळे रविवार या बाईच्या घरातून आले होते. इतक्या वर्षांत हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

मी वहिनींच्या पाया पडले. त्या नको नको म्हणत होत्या, तरी पडले.

भाऊ, सावकाश जा. आम्हा बठ्ठ्यांचा, सगळ्यांचाच, तुम्हाला नमस्कार. 🙏